गिल्ड चालवणे हे जबाबदारीचे काम

महोदय,

ऑनलाइन गेम म्हणजे एकट्याने वेळ दवडणे, हा समज मला मान्य नाही; अशा गेममध्ये एकत्र खेळणाऱ्यांचे कायमचे संघ, म्हणजे ‘गिल्ड’, असतात. 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 5 जणांचा गट जमवताना एक जण मार झेलणारा, एक उपचार करणारा आणि तिघे हल्ला करणारे अशी विभागणी रूढ आहे, सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना तर 40 खेळाडू लागत, आणि त्यांच्या वेळा जुळवणे, ऐनवेळच्या गैरहजेरीवर मार्ग काढणे, लुटीची, म्हणजे मोहिमेत मिळालेल्या वस्तूंची, न्याय्य वाटणी करणे हे सारे गिल्डप्रमुख विनामोबदला करीत. 2009 मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी सोय आली. वेळ वाचला, पण माझ्या मते आपुलकी उणावली. वाटणीचे नियम मोहिमेआधीच सर्वांना सांगितले, तर बहुतेक भांडणे टळतात.

– एक वाचक, ठाणे