गाडीची खोड

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लघुपटातली खटारा गाडी दर प्रसंगात वेगळ्या कारणाने बंद पडते आणि हशा येत नाही, असं तू कळवलंस. दोष तिथेच आहे. ब्रिटिश विनोदी मालिकांमधल्या छोट्या गाड्या बघ. प्रत्येकीला एकच ठरलेली खोड असते, आणि ती बहुतेक तिच्या बांधणीतूनच आलेली असते.

'मिस्टर बीन'मधली निळी तीनचाकी घे. ती रिलायंट रीगल सुपरव्हॅन ३. बीनची मिनी (त्याची छोटी चारचाकी) जवळ आली की ही बऱ्याचदा कलंडते. का? पुढे एकच चाक, आणि इंजिनही पुढेच, चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध. तीन चाकं जोडून जमिनीवर त्रिकोण काढ. वजन जितकं पुढच्या टोकाकडे, तितकी बाजूला आधाराची जागा कमी. त्यात वळताना ब्रेक दाबला की भार आणखी पुढे सरकतो आणि बाहेरच्या बाजूचं मागचं एक चाक एकटंच तोल सांभाळत राहतं. डावीकडे वळताना तर उजवीकडे बसलेल्या एकट्या चालकाचं वजनही कलंडायलाच मदत करतं. आपल्या रिक्षालाही पुढे एकच चाक, पण तिचं इंजिन मागे, दोन चाकांच्या रुंद बैठकीवर. म्हणून ती बरीच निभावून नेते. रीगल सांभाळून चालवायची तर ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर मारायचा.

मग लोक ती घेत तरी कशाला? फायबरग्लासची बॉडी, ॲल्युमिनियमचं ७०१ सीसी इंजिन, रिकामं वजन ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ४०६ किलोच्या आत. त्यामुळे मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि करही कमी. तिथल्या प्रेक्षकाला ही काटकसर बघताक्षणी कळते. म्हणूनच 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मध्ये (१९८१ पासून) किरकोळ माल विकणाऱ्या ट्रॉटर बंधूंना पिवळी रीगल दिली आणि तिच्या अंगावर लिहिलं: न्यूयॉर्क, पॅरिस, पेकहॅम! (पेकहॅम म्हणजे लंडनमधली त्यांची साधी वस्ती.) तिला सगळे रॉबिन म्हणतात; रॉबिन हे १९७३ला आलेलं पुढचं मॉडेल.

निळ्या गाडीबाबत एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तिचा चालक आपल्याला नीट दिसतच नाही. घाबरलेला किंवा जखमी चेहरा एकदा दिसला की हसू गेलंच.

बीनची पोपटी मिनी, काळं बॉनेट, नंबर एसएलडब्ल्यू २८७ आर. (१९९०च्या पहिल्या भागात नारिंगी होती.) दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप, शिवाय उतरताना स्टिअरिंगच काढून घ्यायचं. खऱ्या मिनीत स्टिअरिंग दांड्याच्या खाचांवर बसवून मधल्या नटाने आवळलेलं असतं, पान्याशिवाय निघत नाही. पडद्यावर ते अलगद हातात येतं आणि कुणीही खुलासा करत नाही. तूही करू नकोस. पहिल्यांदा कृती सावकाश, पूर्ण दाखव. पुढे नुसता कुलपाचा आवाज पुरे. खोड पक्की मुरली की मग ताणायची: १९९४च्या भागात तो टपावर खुर्ची बांधून, दोऱ्यांनी स्टिअरिंग ओढत गाडी हाकतो. त्याच वर्षी रणगाडा मिनीवरून जातो, आणि पुढे तीच मिनी पुन्हा हजर!

'फॉल्टी टॉवर्स'चं उदाहरण वेगळं, कारण तिथे ऑस्टिन ११०० चा विनोद एकाच भागात (१९७५) संपतो. गाडी बंद पडली म्हणून हॉटेलमालक बेसिल झाडाची फांदी आणून तिला झोडपतो. पण पैसे वाचवायला गॅरेज टाळून तो स्वतःच दुरुस्ती करत बसतो, हे सुरुवातीलाच दाखवलेलं असतं. फांदीही लवचिक घेतली आहे. गाडीला काहीच होत नाही, आणि राग किती फुकट आहे ते दिसतं. तुझ्या चित्रणातही काठीऐवजी ओली फांदीच घे, पत्र्याला पोचा येणार नाही.

आता तुझी गाडी. चालू होणं, थांबणं, दार, काच, हॉर्न यांतलं एकच निवड. दार निवडलंस तर आतली कडी निकामी ठेव आणि प्रत्येक वेळी चालकाला खिडकीतूनच बाहेर काढ. काच हाताने फिरवायचीच हवी, म्हणजे उतरायला वेळ लागेल आणि मागच्या गाड्यांना हॉर्न वाजवायला अवकाश मिळेल. तीनदा हे झालं की चौथ्यांदा दार आपोआप उघडू दे, तो मात्र सवयीने खिडकीतूनच उतरेल. नवी संहिता झाली की पाठव.

तुझा,
मनोहर