रोस्टच्या वलांडीपर्यंत आईला नेणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहितो आहे. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

एप्रिलअखेरीस मी आईला घेऊन नॉर्वेतल्या बोडोला उतरलो, तेव्हा वादळामुळे रोस्ट बेटाची फेरीबोट रद्द झाली होती, ज्यांच्यामार्फत खोली ठरवली होती त्यांनी हात वर केले होते, आणि ओळखीच्या ओळखीतून मिळालेला तुमचा फोन नंबर एवढाच काय तो आधार होता. तुम्ही दोन रात्री आम्हाला घरी ठेवून घेतलेत, बेटावर फोन करून धक्क्यालगतची एक रोर्बू, म्हणजे मच्छीमारांची लाकडी खोली, मिळवून दिलीत आणि तिसऱ्या दिवशी रजा टाकून स्वतःही आमच्याबरोबर बोटीत बसलात. त्याबद्दल ऋणी आहेच, पण हे पत्र लिहायला लावले ते बेटावर उतरल्यानंतर घडलेल्या गोष्टीने.

लोफोतेन द्वीपमालेच्या टोकाला, बोडोपासून सुमारे १०० किलोमीटर समुद्रात असलेले, जेमतेम पाचशे वस्तीचे हे बेट इतके सपाट आहे की आईने बोटीतूनच विचारले, "भरतीला हे बुडत नाही का?" जवळ गेल्यावर लाकडी मांडवांवर टांगलेल्या कॉड माशांच्या रांगा दिसल्या आणि ती एकदम गप्प झाली. तिथले लोक त्या मांडवाला 'येल' म्हणतात. आई पहिल्या क्षणापासून, आपल्याकडच्या बोंबील वाळवायच्या मांडवासारखे, 'वलांडी' म्हणाली आणि शेवटपर्यंत तिने शब्द बदलला नाही. आपल्याकडे बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी टांगतात. तिथे मुंडके काढलेले दोन मासे शेपटीला बांधून जोडीने टांगतात. अर्नाळ्यात जन्म गेलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

गोदामात मालाची प्रतवारी करणारे ते वयस्क गृहस्थ, ज्यांना तिकडे 'व्राकर' म्हणतात, सुरुवातीला पाहुण्यांना सांगायचे तेवढेच सांगत होते. तेव्हा तुम्ही त्यांना नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणालात. ते काय होते, हे मला रात्री कळले: "या पर्यटक नाहीत, चाळीस वर्षे सुकी मासळी विकत आहेत." त्यानंतर दोन तास तुम्ही दोघांमध्ये दुभाषी होतात आणि मी नुसता बाजूला उभा होतो. मीठ अजिबात न लावता फेब्रुवारी ते मे मासा उघड्या वाऱ्यावर कसा वाळतो, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे हवा शून्याच्या आसपास कशी राहते, जास्त गोठले तर मांस कसे फाटते आणि ऊब वाढली तर माशी कशी बसते, हे ते सांगत होते. आमचा बोंबील चार-पाच दिवसांत वाळतो, पण अवकाळी पावसाची एक सर आली की सगळा माल खताच्या भावात जातो, हे आई सांगत होती.

मग त्यांनी गेल्या वर्षीचे दहाबारा मासे तिच्यापुढे ठेवले. तिने प्रत्येकाचे पोट अंगठ्याने दाबले, मानेकडचा भाग हुंगला आणि तीन ढीग लावले. दोन ढिगांवर ते लगेच मान डोलावून मोकळे झाले, तिसऱ्यावर वाद झाला. आई म्हणाली, "याला कुबट वास आहे." तुम्ही डोळे मिटून क्षणभर थांबलात, एक शब्द उच्चारलात, मान हलवून तो मागे घेतलात आणि दुसरा सांगितलात. ते गृहस्थ मासा पुन्हा नाकाशी नेऊन बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी तो खालच्या ढिगात टाकला. तुम्ही आईचे म्हणणे मवाळ केले नाहीत, की तिच्या वतीने माफीही मागितली नाहीत. घरात मी स्वतः मात्र ते नेहमी करत आलो आहे.

चहाच्या वेळी त्यांनी क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या कप्तानाची हकीकत सांगितली. त्याचे जहाज वादळात गेले आणि १४३२ च्या जानेवारीत जिवंत उरलेली अकरा माणसे या बेटांना लागली, तेव्हा इथल्या मच्छीमारांनी त्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ पोसले. आजही या माशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटलीच आहे. मुंडकी वाळवून नायजेरियाला जातात, हे ऐकून तर आईचा जीव शांत झाला, कारण काही फुकट जात नव्हते. "त्या अकरा जणांकडून जेवणाचे पैसे घेतले का?" हा तिचा प्रश्नही तुम्ही जशाच्या तसा पोहोचवलात. ते मनापासून हसले.

निघताना त्यांनी आईला दिलेला मासा, बॅगेला वास लागेल या माझ्या (कोळ्याच्या मुलाच्या!) भीतीमुळे तुमच्याकडेच राहिला. तो आठवडाभर पाण्यात भिजवावा लागतो, असे तुम्ही म्हणाला होतात. आईने मुद्दाम विचारायला सांगितले आहे: कालवणात चिंच घातलीत की कोकम?

आपला नम्र,
अर्नाळा