व्याख्यान नको, बैठक द्या : उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सांगली व सातारा जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांत आंतरराष्ट्रीय कायद्यावरील साप्ताहिक बैठकांना मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर वाद घालायला सांगलीत कुणाला निमंत्रण लागत नाही. धरणाची सध्याची ५१९.६० मीटर पातळी आणि कर्नाटकाला हवी असलेली ५२४.२५६ मीटर हे आकडे इथे चहाच्या टपरीवर ऐकू येतात. पण एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच टपरीवरची चर्चा 'आता पाणी बंद' या तीन शब्दांपलीकडे गेली नाही. लोकांना समजत नाही असे मुळीच नाही. कृष्णेचे त्यांना कळते, कारण त्यावर ते वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडले आहेत. सिंधूवर भांडायला त्यांच्या हाती काहीच दिलेले नाही.

द्यायचे म्हटले तर फार लागत नाही. कृष्णेचा लवाद १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखालचा. वर संसद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. सिंधू करार १९६० चा, दोन सार्वभौम देशांतला. वर कुणी नाही. त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की, दोन्ही सरकारांनी त्यासाठी नवा करार करून तो रद्द करेपर्यंत हा करार चालू राहील. स्थगितीची तरतूद करारात नाही. मग ती कशाच्या आधारे? करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात 'परिस्थितीतील मूलभूत बदल' हे कारण आहे, पण भारत त्या करारात सामील नाही. त्यातले बरेचसे नियम रूढीने लागू मानले जातात, एवढेच. एवढी चार-पाच वाक्ये समोर ठेवली की अलमट्टीवर बोलणारा माणूस तासभर सिंधूवर नेमके बोलू शकतो. आमची मागणी अशा तासाभरासाठी आहे.

आपल्या खात्याकडे दोन गोष्टी एकत्र आहेत : विधी महाविद्यालये आणि ग्रंथालय संचालनालय. म्हणून हे पत्र आपल्याला. व्याख्यानमालांची आपल्या भागाला मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी आदर ठेवूनच सांगतो की या विषयाला व्याख्यान मानवत नाही. पाहुणे सव्वा तास बोलतात, पाच मिनिटे प्रश्नांना उरतात आणि तीही आभारप्रदर्शनात जातात. ज्याला खरी शंका असते तो मागच्या रांगेतून उठून घरी गेलेला असतो.

बैठक कशी असावी, ते आता सविस्तर. माणसे बारा ते अठरा. वीसच्या वर गेली की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. खुर्च्या गोल; व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, हारतुरे काही नको. वेळ सव्वा तास, आठवडी बाजाराचा दिवस टाळून. विषय एकच आणि तोही प्रश्नाच्या रूपात : 'संयुक्त राष्ट्रे' हा विषय नव्हे, 'हेगच्या न्यायालयाचा निकाल पाकिस्तानने पाळला का' हा विषय. पहिली दहा मिनिटे सूत्रधार घटनाक्रम सांगेल. मग मोकळी चर्चा. शेवटची पंधरा मिनिटे मूळ कलम पुन्हा मोठ्याने वाचायचे. चर्चा कलमापासून किती लांब गेली होती, हे तेव्हाच कळते.

प्रत्येकाच्या हाती दोन पानी टिपण हवे. पहिल्या पानावर मूळ कलमाचा मराठी तर्जुमा आणि खाली इंग्रजी मजकूर. दुसऱ्या पानावर चार प्रश्नांची उत्तरे : करार कोणता, भारत त्यात आहे का, तक्रार ऐकण्याचा अधिकार कुणाला व कशावरून, आणि निकाल लागल्यास अंमल कोण करणार. वर ठळक तारीख, 'या दिवसापर्यंतची स्थिती' म्हणून. तीन महिन्यांहून जुने टिपण पुन्हा वापरू नये. या विषयात शिळी माहिती चुकीच्या माहितीइतकीच घातक असते.

चार प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच नेहमी सुटतो. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांचे प्रकरण घ्या. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे हा प्रश्न इथे हटकून येतो : भारत जिंकला, मग ते घरी का आले नाहीत? १७ जुलै २०१९ च्या निकालात पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, पाकिस्तानने व्हिएन्ना वाणिज्यदूतविषयक कराराच्या ३६ व्या, म्हणजे वकिलातीशी संपर्काच्या, कलमाचा भंग केला. शिक्षेचा प्रभावी फेरविचार करावा आणि तोवर फाशी स्थगित राहावी. शिक्षा रद्द करा, सोडून द्या, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. कारण न्यायालयात शिरायचा दरवाजा एकच होता : त्या १९६३ च्या कराराला जोडलेला ऐच्छिक पूरक करार (प्रोटोकॉल). दरवाजा जेवढा, तेवढेच आतले अधिकार. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर भारताने पाकिस्तानी विमान पाडल्याच्या प्रकरणात पाकिस्तान १९९९ मध्ये याच न्यायालयात गेला होता. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद आपण न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, असे भारताने सांगितले आणि जून २००० मध्ये अधिकारकक्षेच्या मुद्द्यावरच ते प्रकरण संपले. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की 'हेगचे कोर्ट पक्षपाती' हे वाक्य बैठकीत पुन्हा सहसा येत नाही.

याच ३६ व्या कलमाचा एक रोजचा उपयोग आहे. परदेशात अटक झालेल्या भारतीयाला वकिलातीशी संपर्काचा हक्क सांगणे हे तिथल्या पोलिसांचे काम. पण वकिलातीला कळवायचे ते त्याने मागितले तर. त्यामुळे मागायलाच हवे, आणि पहिल्याच चौकशीत. बाहेर शिकायला किंवा जहाजावर नोकरीला जाणाऱ्या मुलांच्या घरी हे माहीत असायला हवे.

साखरेचे प्रकरण आपल्या दोन्ही जिल्ह्यांना थेट लागते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ रोजी भारताविरुद्ध अहवाल दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला, असा त्याचा एक निष्कर्ष. भारताचे म्हणणे होते की एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर भाव, कारखाने देतात, सरकार नव्हे. पॅनेल म्हणाले, भाव सरकारने ठरवला एवढे पुरते; पैसे कुणाच्या खिशातून गेले हे पाहायची गरज नाही. आणि हिशेब कसा होतो? ठरवलेला भाव वजा १९८६ ते १९८८ या काळावर गोठवलेला संदर्भ भाव, गुणिले पात्र उत्पादन. आजच्या भावातून तीस वर्षांहून जुना भाव वजा केल्यावर आकडा फुगणारच. संघटनेच्या शेती करारावर खरी टीका करायची तर ती इथे आहे, आणि गुऱ्हाळावरचा शेतकरी ती आमच्यापेक्षा चांगली करेल, फक्त सूत्र त्याला दाखवा.

भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते आणि सुनावणीला लागणारे तीन सदस्य नाहीत. अपील ऐकले जात नाही, म्हणून अहवाल स्वीकृत होत नाही, म्हणून त्याच अहवालाने निर्यात अनुदान मागे घ्यायला दिलेली १२० दिवसांची मुदत सुरूच होत नाही. तरी गावोगाव 'डब्ल्यूटीओने एफआरपी बंद करायला सांगितली' हे फिरत असते. तसे अहवालात नाही.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांना मात्र सूत्रे सांगावी लागत नाहीत. रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश), एमआरएल (त्या अंशाची कमाल मर्यादा), पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) हे शब्द त्यांच्याकडूनच शिकावेत. युरोपीय संघात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. २०१० मध्ये सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अंशावरून कंटेनर अडकले, ते इथे कुणी विसरलेले नाही. ठाऊक नसते ते पुढचे : वनस्पती व अन्नसुरक्षेच्या व्यापार कराराखाली अशी मर्यादा बदलण्याआधी देशांनी इतर सदस्यांना कळवायचे असते, हरकतींना साधारण साठ दिवस द्यायचे असतात, आणि नियम प्रसिद्ध झाल्यापासून लागू होईपर्यंत साधारण सहा महिने सोडायचे असतात. ईपिंग नावाच्या मोफत संकेतस्थळावर देश आणि माल निवडून नाव नोंदवले की सूचना थेट ईमेलवर येते. हरकत भारत सरकारमार्फतच जाते, शेतकरी स्वतः जिनिव्हाला जाऊ शकत नाही. पण बागायतदार संघाचे मुदतीत आलेले, फवारणीच्या नोंदींसह लिहिलेले पत्र आणि मोसम संपल्यावरचा मोर्चा यांत फरक पडतो.

आता बिघडते कुठे. पहिले, पक्षीय भांडण. त्यावर एकच नियम उपयोगी पडतो : ज्याला जे पटत नाही ती बाजू त्याने पाच मिनिटे मांडायची. दुसरे, जाणकार. वकील किंवा प्राध्यापक बोलू लागला की थांबत नाही, त्याला सलग सात मिनिटांची मर्यादा घालावी. आमच्यासारख्यांनाच ती आधी लागू करावी. तिसरे, हेगमधली दोन न्यायालये एक समजणे. एक देशांचे, दुसरे व्यक्तींवर खटले चालवणारे. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये आणि नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघाले ते दुसऱ्याचे, आणि भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. चौथे, अंतरिम आदेश, अंतिम निकाल आणि सल्लामत यांची गल्लत. हवामान बदलावरचे पहिल्या न्यायालयाचे २३ जुलै २०२५ चे मत सल्लामत आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीने ते जरूर वाचावे, पण त्यातून भरपाईचा हुकूमनामा हाती येत नाही.

पाचवा अडथळा म्हणजे 'बळी तो कान पिळी' म्हणून चर्चा मिटवणारा माणूस. तो निम्मा बरोबर असतो. निकारागुआने १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला आणि अंमलबजावणीचा ठराव अमेरिकेनेच नकाराधिकाराने पाडला, हे त्याला आपणच सांगावे. मग विचारावे की कंटेनर, विमान आणि परदेशी टपाल रोज बिनबोभाट कुणाच्या नियमाने जाते. सातारा जिल्ह्यात अशा वेळी माजी सैनिक फार कामी येतात. युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक यापलीकडे काही सांगणे बंधनकारक नाही, हा तिसऱ्या जिनिव्हा कराराचा नियम अपशिंगे मिलिटरीतल्या निवृत्त सुभेदाराला विधी शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा पक्का माहीत असतो. सूत्रधार म्हणून त्यांना बोलवा.

कास पठाराबद्दल एवढेच : 'युनेस्कोने बंदी घातली' हे चूक. २०१२ च्या जागतिक वारसा यादीने जबाबदारी भारतावर टाकली. गाड्या अडवतो तो इथलाच कायदा आणि इथलीच व्यवस्था. हेच प्रतापगडाला, २०२५ पासून.

शासन निर्णयात आम्हाला काय हवे, ते थोडक्यात. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांना आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनकक्ष या कामाला वापरू द्यावा आणि छायाप्रती व चहाचा खर्च अनुदानातून मान्य करावा. आमच्या अंदाजाने तो बैठकीमागे तीन-चारशे रुपयांच्या आत बसतो. टिपणे विधीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली लिहावीत आणि शिवाजी विद्यापीठाने ते काम प्रात्यक्षिक म्हणून धरावे. विषयाला पूर्वपरवानगीची अट नसावी. ती आली की काश्मीर, गाझा, सिंधू हे विषय पहिल्याच महिन्यात गळतील आणि उरतील फक्त आंतरराष्ट्रीय दिनांचे कार्यक्रम. उद्घाटन नको, आपल्या हस्तेही नको. राग मानू नये.

आदेश सप्टेंबरच्या आत निघाला तर बरे. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी सुरू होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक फवारणीचा हिशेब युरोपात लागतो. रेसिड्यूची बैठक जानेवारीत घेतली तर औषध घडात गेलेले असेल.

आपले,
आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे व वकिली करणारे काही जण,
सांगली-मिरज