भूकंपाचे नुकसान मोजायला आधी इमारतींची नोंद हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठा भूकंप झाला की बातमीत सर्वांत ठळक असतो तो रिश्टरचा आकडा. आपली इमारत टिकेल का, हे शहरात राहणाऱ्या माणसाला त्यावरून कळत नाही. १९ सप्टेंबर १९८५ चा ८.० तीव्रतेचा भूकंप मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, तरी तिथे हजारो माणसे दगावली. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या संथ लयीत हलला आणि त्या लयीला जुळणाऱ्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींना सर्वाधिक फटका बसला. आसपासची अनेक बुटकी घरे मात्र उभी राहिली.

हेच आधी ओळखण्यासाठी नुकसानीची संगणकीय मॉडेल वापरतात. जमीन कुठे किती हलेल आणि त्या हादऱ्यात कोणत्या प्रकारच्या शंभर इमारतींपैकी किती तडकतील, किती कोसळतील, याचा हिशेब ती मांडतात. ओपनक्वेकसारखे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते. अडते ते इमारतींच्या माहितीवर.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून बरीच वर्षे इमारती तपासल्या. मंजूर नकाशातली भिंत दुकानासाठी काढून टाकलेली, गच्चीवर नंतर एक मजला चढवलेला, हे पुन्हा पुन्हा पाहिले. मालमत्ता कराच्या नोंदीत क्षेत्रफळ सापडते, मालकाचे नाव सापडते. तळमजला मोकळा आहे का, भार पिलरवर आहे की भिंतींवर, हे बहुधा सापडत नाही. मग मॉडेल बांधकामाचे वर्ष आणि मजले पाहून बाकीचे गृहीत धरते. अशाने संपूर्ण शहराची सरासरी कदाचित जुळेल, एखाद्या गल्लीचा अंदाज साफ चुकेल. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंतींमुळे ताठ झालेले मजले, खाली नुसते पिलर. सगळा हेलकावा त्या पिलरनी सोसायचा. कागदावर ‘चार मजली, आरसीसी’ एवढेच लिहिले असेल, तर कोणत्या मॉडेलला हे दिसणार?

म्हणून कर आकारणीच्या पुढच्या सर्वेक्षणात तीन-चार रकाने वाढवावेत: बांधकामाचा प्रकार, मोकळा तळमजला, नंतर चढवलेले मजले, दिसणारे तडे. प्रशिक्षित माणसाला रस्त्यावरून पाहून यातले बरेच टिपता येते. स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थीही हे करू शकतील.

आपल्यालाही एक विनंती. ‘इतक्या इमारती पडतील’ असा अंदाज छापताना तो कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि इमारतींची माहिती कोणत्या वर्षीची, हेही सोबत छापावे.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर