अंधेरीच्या स्टेडियमजवळच्या इस्त्रीवाल्या काकांना, नागपूरहून

ती. काका,
सा. न. वि. वि.

नागपूरला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा, संघ नाही. शेजारच्या कामठीत घरोघरी फुटबॉल आहे, तिथला रब्बानी, नागपूरचा यंग मुस्लिम असे जुने क्लब आहेत, पण मोठ्या लीगचा सामना बघायचा तर आमच्यासाठी प्रत्येक मैदान परगावचंच. अंधेरी गाठायचं तर रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर.

पोचणं अवघड नाही. रात्रीची गाडी धरायची, दादरपर्यंत न जाता ठाण्यालाच उतरायचं, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सकाळी उतरलेल्या माणसाच्या पाठीवर सॅक असते आणि सामना संध्याकाळी साडेसातचा. सॅक आत नेता येत नाही. पॉवर बँक, पाण्याची बाटली, लायटर, झेंड्याची काठी, कधीकधी सुटी नाणीसुद्धा गेटवर अडवतात. तिकीट मात्र मोबाइलमध्ये, म्हणजे दिवसभराच्या प्रवासानंतर फोन चालू पाहिजे आणि चार्ज करायचं साधन जवळ नको. सामना संपतो साडेनऊच्या सुमारास. तोवर नागपूरच्या विदर्भ आणि दुरंतो या दोन्ही गाड्या निघून गेलेल्या असतात. मग सकाळी सहाची गीतांजली. एवढा सगळा वेळ सामान ठेवायचं कुठं?

याचं उत्तर आम्हाला बऱ्याच शहरांत फार वाईट मिळालं आहे. एका मैदानाच्या गेटवर पॉवर बँका एका ढिगात फेकायला लावल्या. ना चिठ्ठी, ना नंबर. सामना सुटल्यावर ज्याच्या हाताला जी लागली ती त्याची. एका स्टेशनवर क्लोकरूमने सॅक परत केल्या, कारण कुलूप नव्हतं. कुलपाचा नियम खरा आहे, चेनच्या दोन्ही टोकांतून जाणारं छोटं कुलूप लावलं की काम होतं, पण हे नीट शब्दांत सांगायला खिडकीतल्या माणसाला जड गेलं. एका लॉजवाल्याने तर अंगावरच्या जर्सी बघूनच खोली नाही म्हणून सांगितलं.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कपड्यांच्या गठ्ठ्यांना लावता तसे चिठ्ठीचे दोन तुकडे केलेत, दोन्हींवर एकच नंबर घातलात, एक बॅगेला टाचलात आणि एक हातात दिलात. पॉवर बँकेवर तोच नंबर खडूने लिहून ती त्याच बॅगेच्या आतल्या कप्प्यात. वेगळी ठेवली असती तर घोळ झाला असता, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. फोनसाठी दुकानातलं एकुलतं एक सॉकेट मोकळं करून दिलंत. आमचे पोट्टे सामना संपवून येईपर्यंत शटर अर्धं उघडं ठेवलंत. एवढ्यासाठीच आभाराचं पत्र लिहिलं असतं.

पण हे पत्र आहे बॅनरसाठी.

गांधीबागेतून आणलेलं सॅटिन, 44 इंची पन्ह्याचे दोन पट्टे शिवून जोडलेले, पाच मीटर लांब. वर अॅक्रिलिक रंगात अक्षरं. आदल्या दिवशी रंगवून, घडी घालून, गच्च भरलेल्या डब्यात बर्थखाली कोंबलेलं. अंधेरीत उघडलं तर घडीत अक्षराला अक्षर चिकटलेलं. आमचे पोट्टे ओढून सोडवायला निघाले होते. तुम्ही हात धरलात.

काका, तुम्ही त्यानंतर जे केलंत ते डोळ्यासमोरून जात नाही. आधी घडी तशीच सावलीत पंख्याखाली पसरून ठेवलीत. रंग गरम असेपर्यंत चिकट असतो, गार झाला की कडक होतो आणि मगच सुटतो, हे तुम्ही समजावून सांगितलंत. मग एका कोपऱ्यापासून, बोटाने टाल्कम पावडर आत सारत, वीत वीत सोडवत गेलात. इस्त्री कोळशाची, तिचा ताव कमीजास्त करायला बटण नसतं. म्हणून निखारे कमी केलेत, तळाला पाण्याचा थेंब लावून बघितलात आणि आधी शिवणीत दुमडलेल्या भागावर दाबून पाहिलंत, तिथे डाग पडला तरी दिसणार नव्हता. सॅटिन जास्त तापलं की आकसतं आणि चकाकी जाते. खाली बटर पेपर, त्यावर रंगाची बाजू पालथी, वरून ओलं करून घट्ट पिळलेलं मलमल. इस्त्री घासली नाहीत. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली असती तर कापड तिरकं ताणलं गेलं असतं आणि ओळ वाकडी झाली असती. शेजारी गिऱ्हाइकांच्या शर्टांचा ढीग तसाच थांबलेला होता.

आणि जाता जाता दुखण्याचं मूळही सांगितलंत. रंग वरून सुकला होता, आत मुरला नव्हता. रंगवल्यावर दोन दिवस मोकळं टांगायचं, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का होतो आणि घडीत धरत नाही. खरं तर घडी घालायचीच नाही. कापडाच्या दुकानात ठाणाची रिकामी पुठ्ठ्याची नळी मिळते, तिच्यावर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं. नळी गेटवर सोडून द्यावी लागली तरी हरकत नाही. वरच्या पट्टीला लोखंडी रिंगा नकोत, वाऱ्याचा झोत आला की सॅटिन रिंगेपाशीच फाटतं. त्याऐवजी दोन-दोन फुटांवर सुती नाड्या, आणि कोपऱ्यांना कापड दुहेरी.

इतकं कोणी सांगतं का हो? ज्यांचं काम होतं, पगार होता, गणवेश होता, त्यांनी आम्हाला पाहून तोंड फिरवलं. तुमचा फुटबॉलशी संबंध नाही, कोण खेळतंय हेही तुम्ही विचारलं नाहीत. परक्या गावच्या माणसाची वस्तू आपल्या हातात आली की ती जपायची, हे तुमच्या अंगातच आहे. असली माणसं प्रत्येक मैदानाबाहेर असती तर आमच्या किती घरांतून मुलांना बिनघोर पाठवलं असतं!

एकच तक्रार. तुम्ही पैसे घेतले नाहीत. ते चालणार नाही. पुढच्या खेपेला बॅगेमागे काय तो दर आधी सांगा आणि बॅनरचे वेगळे घ्या. नाही तर पोट्टे संकोचाने दुसरीकडे जातील. नवा बॅनर सुती कापडावर करायला घेतला आहे. रंग भरून झाला की दोन दिवस टांगून, उलट्या बाजूने इस्त्री करूनच आणू. तुम्ही फक्त एकदा हात लावून रंग पक्का झालाय का ते बघा.

तुमचे,
नागपूरचे फुटबॉलवाले