बटाट्यावर संजीवक फवारा, पण कोणते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पुरवणीतला बटाट्यावरचा लेख वाचला. ‘संजीवके फवारली की बटाटा चांगला पोसतो’ हे त्यातले सरसकट विधान खटकले, म्हणून हा पत्रप्रपंच. संजीवके म्हणजे झाडाची वाढ कमी-जास्त करणारी द्रव्ये; काही झाड स्वतः तयार करते, काही आपण बाहेरून देतो.

बटाटा म्हणजे जमिनीखालचे खोड. मातीत आडव्या पसरणाऱ्या फांद्यांच्या शेंड्यांना तो धरतो. शेंड्यात जिबरेलिन हे लांबी वाढवणारे संजीवक भरपूर आहे तोवर फांदी नुसती लांबत राहते; मातीबाहेर आली तर चक्क पाने काढते. रात्री मोठ्या आणि थंड होऊ लागल्या की पानांतून एक प्रथिन खाली उतरते, शेंड्यातले जिबरेलिन घटते, शेंडा आकड्यासारखा वाकतो आणि त्याच्या लगत मागचा भाग फुगायला लागतो. (अँडीजमधल्या मूळ जाती मोठ्या रात्रींसाठी अडून बसतात, आजच्या बहुतेक जाती तेवढ्या हट्टी नाहीत.) तेव्हा द्राक्षाचे मणी फुगवणारे जिबरेलिक ॲसिड (तेही जिबरेलिनच) त्याच भरवशावर बटाट्यावर मारले, तर पाला माजेल आणि बटाटा धरायला उशीर होईल. याउलट क्लोरमेक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल ही रसायने झाडात जिबरेलिन तयार होण्यालाच आळा घालतात. एकाच नावाखाली या दोन्ही गोष्टी सांगून कसे चालेल?

सुप्तावस्थेची तर लेखात दोन ओळींत बोळवण झाली आहे. काढणीनंतर ऊब आणि ओल मिळाली तरी बटाटा काही काळ फुटत नाही, त्यात मोठा वाटा ॲब्सिसिक ॲसिड या झाडातल्याच संजीवकाचा. पुढे सायटोकायनिन या दुसऱ्या संजीवकाचा जोर वाढला की डोळे जागे होतात. शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. बेणे कापले की तो दाब सुटतो. बेण्याची झोप मोडायला जिबरेलिक ॲसिड खरोखरच वापरतात, पण मात्रा वाढली की कोंब सुतासारखे बारीक निघतात. इथिलीन या वायुरूप संजीवकाची तऱ्हा आणखी निराळी. थोडा वेळ दिले तर ते झोप मोडते, सतत देत राहिले तर कोंब वाढू देत नाही. साठवणुकीत या दुसऱ्या गुणाचा उपयोग करतात.

हा विषय खाणाऱ्यांपर्यंतही येतो. कोंब रोखणाऱ्या क्लोरप्रोफामच्या मान्यतेचे नूतनीकरण युरोपीय संघाने २०१९ मध्ये नाकारले. नुसत्या थंडीवर भागवावे, तर ४ अंशांच्या आसपास ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, तळल्यावर काप काळपट पडतात आणि ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानले जाणारे द्रव्यही जास्त तयार होते. म्हणून वेफरचा बटाटा ८ ते १० अंशांवर ठेवतात, आणि तिथे कोंबांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

यापुढे असा सल्ला छापताना संजीवकाचे नाव, पिकाची अवस्था, मात्रा आणि ते खाण्याच्या बटाट्यासाठी की बेण्यासाठी, एवढे तरी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक