इंग्रजीचा सराव आपल्याच चुकांवर व्हावा

मा. संपादक यांस,

महोदय,

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत महिनाभरात अस्खलित इंग्रजी शिकवण्याची हमी देणाऱ्या वर्गांचे फलक चौकाचौकांत लागतात आणि वर्तमानपत्रांतही त्यांच्या जाहिराती येतात. त्या वर्गांविषयी तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. मराठी माध्यमातून शिकलेली आणि घरी अहिराणी बोलणारी आमच्यासारखी माणसे इंग्रजी व्याकरणाचा व शब्दांचा सराव ज्या रीतीने करतात, त्या रीतीत एक मोठी उणीव आहे, असे मला स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे वाटते आणि तिच्याकडे आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच माझा हेतू आहे.

मी पारोळा तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या कार्यालयात गेली चौदा वर्षे काम करते. माझ्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना अमलात आला आणि माझी मुलगी त्यानंतरच्या पिढीतली आहे. आम्हा दोघींच्या शाळेतल्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर चार वर्षे जास्त मिळूनही व्याकरणाच्या सरावाचे रूप बदललेले दिसत नाही. दिलेल्या वाक्याचा प्रयोग बदला, 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, क्वेश्चन टॅग जोडा, रिकाम्या जागा भरा, असाच तो सराव आहे. त्याने गुण मिळतात, मलाही चांगले मिळाले होते. मात्र या सगळ्या सरावात वाक्य नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी असते. आपल्या मनातले वाक्य इंग्रजीत उतरवताना जी चूक होते, ती त्या वहीत कधी उमटतच नाही आणि म्हणून ती कोणी दुरुस्तही करत नाही.

नोकरीच्या पहिल्याच हंगामात मला याचा फटका बसला. कोइमतूरच्या एका सूतगिरणीला रुईच्या शंभर गाठी सोमवारपर्यंत पाठवायच्या होत्या. रुईची एक गाठ साधारण १७० किलोची असते, म्हणजे हा एका ट्रकचा माल होता. मी मेलमध्ये लिहिले, 'वी विल सेंड हंड्रेड बेल्स टिल मंडे'. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून फोन आला की, सोमवारपर्यंत तुम्ही रोज शंभर गाठी पाठवणार आहात का, कारण एवढा माल उतरवून घ्यायला आमच्या गोदामात जागा नाही. त्यांचा काहीच दोष नव्हता, कारण माझ्या वाक्याचा त्यांना तसाच अर्थ लागला होता. व्यवहार निस्तरला, परंतु आपण नेमके काय चुकलो, हे मला त्या दिवशी कोणी सांगू शकले नाही. ते कळायला पुढे दोन वर्षे गेली.

मराठीतले 'पर्यंत' दोन कामे करते. 'सोमवारपर्यंत थांबा' या वाक्यात थांबण्याची क्रिया सोमवार उजाडेपर्यंत चालू राहते आणि तिथे इंग्रजीत 'टिल' येतो. 'सोमवारपर्यंत पोहोचवा' या वाक्यात सोमवार ही मुदत आहे, क्रिया त्याआधी केव्हाही एकदाच व्हायची आहे आणि तिथे 'बाय' लागतो. शाळेत आम्ही 'टिल म्हणजे पर्यंत' एवढाच शब्दार्थ लिहून घेतला होता. तो खोटा नव्हता, अर्धा होता. 'पासून'चेही तसेच आहे. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' ही दोन्ही आपण एकाच अव्ययाने सांगतो, तर इंग्रजी पहिल्या ठिकाणी 'सिन्स' घेते आणि दुसऱ्या ठिकाणी 'फॉर'. शिवाय 'मी दहा वर्षांपासून येथे काम करते' या आपल्या वाक्यात साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत मात्र 'आय हॅव बीन वर्किंग' म्हणावे लागते. 'काल मी बाजारात गेले होते' हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे, त्याचे शब्दशः इंग्रजी करून आपण 'आय हॅड गॉन टु द मार्केट यस्टरडे' म्हणतो आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, कारण 'हॅड गॉन' म्हटले की भूतकाळातल्या आणखी कोणत्या तरी घटनेच्या आधीची ती गोष्ट असणार, असे त्याने गृहीत धरलेले असते. तिथे साधे 'वेंट' हवे असते.

या चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. त्या आपल्या भाषेच्या शिस्तीतून येतात आणि म्हणूनच त्या तुमच्या, माझ्या आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्याही सारख्याच असतात. मग सराव नेमका त्यांच्यावरच का होऊ नये?

शब्दसंग्रहाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. आपले 'लावणे' हे एकच क्रियापद घ्या. रावेर-यावलकडे शेतकरी केळी लावतात, संध्याकाळी आपण दिवा लावतो, रात्री दार लावतो, बाहेर पडताना कुलूप लावतो, मुलीला फोन लावतो, जखमेला मलम लावतो, लहान मुलाला चांगली सवय लावतो आणि कोणी कामाला उशीर लावला की रागावतो. यांतल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी वेगळा शब्द घेते. केळीसाठी 'प्लँट', विजेच्या दिव्यासाठी 'स्विच ऑन', समईसाठी 'लाइट', दारासाठी 'शट', कुलपासाठी 'लॉक', फोनसाठी 'कॉल', मलमासाठी 'अप्लाय'. पाठांतराच्या यादीत मात्र 'अप्लाय म्हणजे लावणे' एवढेच लिहिलेले असते आणि मग एखादा मुलगा 'अप्लाय द डोअर' म्हणतो, तेव्हा वर्ग हसतो. तो मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडत नाही, हे मी पाहिले आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण त्याने मराठीचा नियम अगदी बरोबर पाळलेला असतो. इतर क्रियापदांचेही तसेच होते. आपण चूक 'करतो' आणि गृहपाठही 'करतो', पण इंग्रजीत चूक 'मेक' होते आणि गृहपाठ 'डू' होतो. फोटो आपण 'काढतो', इंग्रज तो 'घेतो'. म्हणून शब्द सुटा पाठ न करता त्याच्या नेहमीच्या सोबत्यासह पाठ करावा, असा माझा आग्रह आहे.

माझी स्वतःची रीत साधी आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापून मी कार्डे करते. एका बाजूला त्या दिवशी मला प्रत्यक्ष बोलायचे असलेले मराठी वाक्य आणि मागच्या बाजूला तपासून घेतलेले इंग्रजी वाक्य. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले आहेत. कार्ड बरोबर आले की पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा एक दिवसाआड, शेवटचा महिन्यातून एकदा. ही युक्ती माझी नव्हे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने ती १९७०च्या दशकात लोकांसमोर मांडली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट त्याहून जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले होते की, पाठ केलेले आपण पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले शंभर शब्द आठवड्यात का निसटतात आणि रोजचे पाच का टिकतात, हे यावरून समजते.

शब्द किती हवेत, याचीही अनेकांना धास्ती असते. जाड शब्दकोश समोर ठेवून कठीण शब्द शोधणारी मुले मी पाहते, तेव्हा त्यांना मायकेल वेस्ट यांच्याविषयी सांगावेसे वाटते. ढाक्यात अनेक वर्षे शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या या इंग्रज शिक्षकाने नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी तयार केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण मजकुरातले पाचांपैकी साधारण चार शब्द या यादीतलेच निघतात. तेव्हा 'गेट', 'टेक', 'पुट' अशा छोट्या शब्दांचे दहा-दहा उपयोग पक्के करणे, हे वर्षभरात एकदा भेटणाऱ्या भारदस्त शब्दापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

काही शिक्षक म्हणतील की, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मराठीचा आधार घेतला की मुले भाषांतर करत बसतात. वर्गात भरपूर इंग्रजी कानावर पडले पाहिजे, हे मलाही मान्य आहे. परंतु मूल मनातल्या मनात भाषांतर करणारच, ते आपण थांबवू शकत नाही. त्याची तुलना उघड्यावर आणली तर निदान ती तपासता येते. 'अ' आणि 'द' यांचे उदाहरण पाहा. मराठीत आर्टिकल नसते, म्हणून हा भाग अवघड वाटतो. पण 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या' ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिल्यांदा भेटलेला राजा 'एक राजा', ओळख झाल्यावर 'तो राजा'. 'अ किंग' आणि 'द किंग' यांचे निम्मे काम इथेच समजते. 'अ' की 'अ‍ॅन' हा गोंधळसुद्धा शब्द देवनागरीत लिहून पाहिला की मिटतो, कारण तास या अर्थाचा 'अवर' स्वराने सुरू होतो आणि 'युनिव्हर्सिटी' य या व्यंजनाने, मग इंग्रजी स्पेलिंग काहीही असो.

आपल्या अहिराणीचा तर यात फार मोठा उपयोग आहे आणि तिची शाळेत लाज वाटावी, अशी स्थिती अजूनही काही ठिकाणी आहे, याची मला मनापासून खंत वाटते. 'मना बाप रोज वावरमा जास' (माझा बाप रोज शेतात जातो) आणि 'मना बाप वावरमा जाई राहिना' (माझा बाप शेतात जात आहे) यांतला फरक आमच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलालाही चुकत नाही. 'गोज' आणि 'इज गोइंग' यांतला फरक हाच आहे. दोन काळांचे तक्ते फळ्यावर लिहिण्याआधी ही दोन वाक्ये मुलांना नुसती म्हणू दिली, तर तक्ता निम्मा सोपा होईल. नंदुरबार जिल्ह्यात, जिथे २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, तिथे अक्कलकुवा-धडगावकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची मराठी हीच दुसरी भाषा असते. त्याच्या इंग्रजी चुका माझ्यासारख्या नसतील. त्याची तुलना त्याच्या घरच्या बोलीशी व्हायला हवी आणि ते काम त्या भागातील शिक्षकच करू शकतील.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमुळे सराव सोपा झाला आहे, मीही ती वापरते. पण त्यांतही वाक्य अ‍ॅपचेच असते आणि 'टिल' का चुकले, ते 'पर्यंत'मुळे चुकले, हे मला अजून कोणत्याही अ‍ॅपने सांगितलेले नाही. ते मला एका निवृत्त शिक्षिकेने सांगितले. त्या दर रविवारी माझी पाच वाक्ये पाहत, लाल शाईने चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ ओढत आणि दुरुस्ती माझ्याकडूनच करून घेत. दोन वर्षांत पाचशेच्या आसपास वाक्ये झाली. माझे कार्यालयीन इंग्रजी त्या पाचशे वाक्यांवर उभे आहे.

यासाठी माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्याकडे तालुक्याच्या गावी आणि अनेक मोठ्या खेड्यांत सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ, तासभर, इंग्रजी सरावासाठी द्यावी. येणाऱ्याने स्वतःची पाच वाक्ये लिहून आणावीत आणि इंग्रजीचे निवृत्त शिक्षक किंवा महाविद्यालयातले विद्यार्थी यांनी ती पाहावीत. यासाठी फार खर्च लागत नाही, फक्त कोणी तरी नियमितपणे येऊन बसावे लागते. आणि आपण आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी. वाचकांनी पाठवलेली मराठी किंवा अहिराणी वाक्ये, त्यांचे होणारे चुकीचे इंग्रजी, बरोबर इंग्रजी आणि चूक कशामुळे झाली याचे मराठीतून दोन ओळींचे स्पष्टीकरण, एवढेच त्यात असावे. पाठवणाऱ्याचे नाव छापू नये, म्हणजे कोणालाही संकोच वाटणार नाही.

सुरुवात म्हणून माझ्या वहीतील 'पर्यंत', 'पासून' आणि 'लावणे' यांची पंचवीस वाक्ये, चुकांसह, या पत्रासोबत जोडत आहे. ती छापण्यास माझी हरकत नाही.

कळावे,

आपली नियमित वाचक,
पारोळा, जि. जळगाव